फाईल नेमकी अडते कुठे?

ही रांग बघा. एवढी माणसं आणि खिडकी एकच. परवाना हवा असेल तर तो इथूनच मिळणार, दुसरीकडे जायची सोयच नाही. सरकारी कामातल्या भ्रष्टाचाराचं पहिलं कारण इथेच दिसतं.

आता या फाईलच्या मागे जाऊ. आवक क्रमांक पडला, मग छाननी, मग सहीसाठी आत, आणि आतून परत पहिल्याच टेबलावर, कारण काय तर एका कागदावरचा शिक्का पुसट आलाय. काम किती दिवसांत व्हायला हवं हे कुठे लिहिलेलं नाही, त्रुटी किती वेळा काढायची यालाही मर्यादा नाही, म्हणजे सगळं त्या टेबलावरच्या माणसाच्या मर्जीवर, आणि मग वजन ठेवल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही.

१९८३ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथे अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो यांच्या टीमने हेच करून पाहिलं. कपडे शिवायचा छोटा वर्कशॉप, त्याची रीतसर नोंदणी, आणि होता होईल तो लाच द्यायची नाही. २८९ दिवस लागले! १० वेळा पैसे मागितले, त्यातले २ वेळा द्यावेच लागले, नाहीतर काम तिथेच बंद पडलं असतं.

पगार कमी म्हणून खातात, असं सगळेच म्हणतात. ट्रक अडवणारा हा नाका बघा. घानामध्ये २०१० ला पोलिसांचे पगार जवळपास दुप्पट केले, तरी हायवेवर ट्रकवाल्यांकडून घेतली जाणारी रक्कम उलट वाढल्याचं अभ्यासात दिसलं. पगार वाढवायलाच हवा, पण विचारणारं कोणी नसेल तर नुसत्या पगाराने काही होत नाही.

यात मरण कोणाचं होतं, ते या रांगेतल्या चेहऱ्यांवरच वाचा.

आणि ही शाळा. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात सरकारने शाळांच्या खर्चासाठी पाठवलेल्या अनुदानातले सरासरी फक्त १३ टक्के शाळेपर्यंत पोचले, बाकीचे मधल्या कचेऱ्यांमध्येच अडकले. मग कुठल्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते पेपरात छापायला सुरुवात झाली, शाळांनाही मिळालेली रक्कम नोटीस लावून सांगायला लावलं. इतरही बदल झाले, पण पालकांना आणि मुख्याध्यापकांना आकडा कळला हा त्यातला मोठा भाग, आणि २००१ पर्यंत ८० टक्क्यांहून जास्त पैसे शाळेत पोचायला लागले.