अंतर तेच, वेळ मात्र वेगळी

नमस्कार श्रोतेहो.

न्यूयॉर्कहून लंडन किती लांब, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे : साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास. पण विमानाला वेळ किती लागतो, असं विचारलं, तर आधी उलट विचारावं लागतं, की बाबा, जायचं कुठून कुठे? लंडनकडे जाताना साधारण सात तास, आणि न्यूयॉर्ककडे परतताना आठ. विमान तेच, अंतरही तेच.

आधी अंतराचं बघू. शाळेत आपण सगळ्यांनी नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजलेलं असतं. ती पट्टी जरा फसवते. न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, म्हणजे सरळ पूर्वेला निघालं की झालं, असं वाटतं. आता पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांवर दोऱ्याची टोकं धरून दोरा ताणा. तो आपोआप वर, उत्तरेकडे सरकतो. अक्षांश धरून गेलात तर सुमारे ५,९५० किलोमीटर पडतात, दोऱ्याच्या वाटेनं ५,७७५. विमानाच्या पडद्यावर वाट कमानीसारखी वाकडी दिसते, पण जवळची वाट तीच.

आता वारा. १९२०च्या दशकात जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ फुगे सोडून वरच्या हवेची मोजणी करत होते. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जबरदस्त वेगानं वारा वाहतो, हे त्यांना आढळलं. जगाला कळावं म्हणून त्यांनी अहवाल लिहिला तो एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत! वाचणार कोण? पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर आलेल्या अमेरिकी वैमानिकांना तोच वारा आडवा आला, तेव्हा कुठे त्याचा बोलबाला झाला. आज त्याला आपण जेट स्ट्रीम म्हणतो, आणि न्यूयॉर्क-लंडनच्या वाटेवरही तो वाहतो.

विमानाचा वेग ताशी ९०० धरा आणि वारा १०० चा. पाठीवर वारा असेल तर साडेपाच हजार किलोमीटरला साडेपाच तास, समोरून असेल तर जवळपास सात. वारा नसता तर सहा तास सात मिनिटं लागली असती. म्हणजे जाताना ३७ मिनिटं वाचली आणि येताना ४६ गेली. फिट्टंफाट होत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

तिकिटावरची वेळ याहून जास्त असते, कारण ती गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची. धावपट्टीकडे रांगत जाणं, उतरण्यासाठी ताटकळणं, सगळं त्यात आलं. शिवाय आकाश सगळीकडे खुलं नसतं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झालं, आणि फिनलंडमधलं हेलसिंकी ते टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला. शहरं जागची हलली नव्हती.

आणि हो, पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा करू नका. दोन्ही आपापल्या गावच्या घड्याळाच्या असतात. टोकियोहून संध्याकाळी पाचला निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी अकराच्या सुमारास उतरतं. फुकटचा दिवस मिळाला म्हणून खूश होऊ नका. परतीच्या वाटेवर तो वसूल होतो.