मेल सर्व्हर गोठतोय? रीस्टार्टच्या आधी ‘डर्टी’ मेमरी बघा

नमस्कार मंडळी. पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स वाचू देणारा) सांभाळणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं असेल. रात्री बॅकअप सुरू होतो आणि थोड्याच वेळात मेल सर्व्हर जागच्या जागी थिजतो. पिंगला उत्तर येतं, पण वेबमेल नुसतं फिरत राहतं, एसएसएच (दुरून करायचं) लॉगिन अर्ध्यात लटकतं. काही मिनिटांनी सगळं आपोआप सुरळीत! अशा वेळी बहुतेक जण रीस्टार्ट मारतात. मारू नका, सगळा पुरावा त्या काही मिनिटांतच असतो.

‘टॉप’ ही कमांड लावून बघा, सर्व्हरवर काय चाललंय ते दिसतं. लोड ॲव्हरेज आभाळाला टेकलेलं, सीपीयू मात्र जवळपास रिकामा आणि ‘डब्ल्यूए’चा, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळाचा, आकडा चढलेला. लिनक्स लोड मोजताना डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही धरतं, म्हणून असं दिसतं. ‘पीएस’ कमांडने येणाऱ्या प्रोसेसच्या यादीत त्यांच्यासमोर ‘डी’ असतो आणि किल मायनस नाइन, म्हणजे जबरदस्तीने बंद करायची कमांड, दिलं तरी त्या हलत नाहीत.

[स्क्रीनवर: कर्नल लॉग]

ही ओळ बघा. अमुक टास्क १२० सेकंदांहून जास्त वेळ अडकलाय. त्याच्याच खाली कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सांगतं, की हंग टास्क टाइमआउटमध्ये शून्य लिहिलंत तर हा मेसेज येणं बंद होईल. कितीतरी जण तेवढंच करतात आणि प्रश्न सुटला म्हणून मोकळे होतात. कृपा करून हे करू नका. तक्रार बंद होते, अडकणं तसंच राहतं.

आता मुळाशी जाऊ. लिनक्समध्ये फाइल लिहिली की ती आधी रॅममध्ये जाते, डिस्कवर नंतर उतरते. अजून न उतरलेला भाग म्हणजे डर्टी मेमरी. ती किती साठू द्यायची हे दोन सेटिंग ठरवतात. डर्टी बॅकग्राउंड रेशो, मूळ किंमत १०: इथे कर्नल मागच्या मागे डिस्कवर लिहायला लागतं. डर्टी रेशो, मूळ किंमत २०: इथे लिहिणाऱ्या प्रोसेसलाच थोपवून धरतं. हे टक्के उपलब्ध मेमरीचे असतात. समजा ६० जीबी उपलब्ध आहे, तर १२ जीबीपर्यंत ढीग साठू शकतो. डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहीत असेल तर तो उपसायला १२० सेकंद लागतात. मेलच्या बारीक बारीक फाइली असल्या की आणखी जास्त. म्हणून नुसती रॅम वाढवली की हा त्रास कमी न होता वाढूही शकतो.

आणि यात मेलचेच हाल का होतात? आलेला मेल पोस्टफिक्स क्यूमध्ये (रांगेत) लिहितं, एफसिंक करतं, म्हणजे तो खरोखर डिस्कवर उतरवून घेतं, मगच समोरच्या सर्व्हरला ‘२५०’, म्हणजे ‘मेल स्वीकारला’, म्हणतं. २५० म्हटलं की त्या मेलची जबाबदारी आपली. म्हणजे चार केबीचा मेलसुद्धा डिस्कवर पोचेपर्यंत थांबणार आणि त्याच्या पुढे बॅकअपचा ढीग. घाटात कंटेनरच्या रांगेमागे रुग्णवाहिका अडकावी तसं. काही जण यावर एफसिंकच बंद करायला सांगतात. वीज गेली तर स्वीकारलेले मेल गायब होतील. लोकांच्या टपालाशी असं खेळू नये.

त्यापेक्षा ढीगच लहान ठेवा. मोठ्या रॅमवर टक्के फार ढोबळ पडतात, म्हणून मी सरळ बाइट्समध्ये मर्यादा घालतो.

[स्क्रीनवर: सिस्कंट्रोलची, म्हणजे कर्नलच्या सेटिंगची, फाइल]

डर्टी बॅकग्राउंड बाइट्स २६८४३५४५६, म्हणजे २५६ एमबी. डर्टी बाइट्स १०७३७४१८२४, म्हणजे १ जीबी. ईटीसीमधल्या सिस्कंट्रोल डॉट डी फोल्डरमध्ये ही फाइल ठेवा आणि सिस्कंट्रोल डॅश डॅश सिस्टिम चालवा. आता रेशोच्या जागी शून्य दिसेल. घाबरू नका, रेशो आणि बाइट्स या जोडीतलं एकच सेटिंग चालू राहतं. हे आकडे सुरुवातीपुरते आहेत, डिस्क मंद असेल तर आणखी खाली आणा.

आज रात्री बॅकअप चालू असताना प्रॉक मेमइन्फो या मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या फाइलमधल्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ (सध्या डिस्कवर उतरत असलेला भाग) या दोन ओळींवर लक्ष ठेवा. डर्टी मर्यादेतच राहायला हवी. बॅकअपला थोडा जास्त वेळ लागेल, लागू दे.

डर्टी कमी असूनही सर्व्हर गोठला, तर व्हीएमस्टॅट या कमांडचे ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने बघा. तिथे आकडे सतत हलत असतील तर स्वॅपिंग चाललंय, म्हणजे रॅम पुरत नाही म्हणून डेटा डिस्कवर ने-आण होतोय. अशा वेळी क्लॅमएव्ही, म्हणजे मेल तपासणारा अँटिव्हायरस, तपासा. व्हायरस सिग्नेचर नव्याने लोड करताना ते काही काळ जुना आणि नवा असे दोन्ही संच मेमरीत धरतं. रॅम कमी असेल तर कॉन्फिगमध्ये कंकरंट डेटाबेस रीलोड ‘नो’ करा. रीलोड होईपर्यंत स्कॅनिंग मात्र थांबतं, एवढं लक्षात ठेवा.

स्वॅपही शांत, डर्टीही कमी, तरी आयओस्टॅट या कमांडमध्ये ‘अवेट’ (डिस्कच्या प्रत्येक कामाला लागणारा सरासरी वेळ) चढतच असेल, तर स्मार्टसीटीएल ही कमांड चालवून डिस्कची तब्येत बघा. खराब सेक्टर वाढताना दिसले तर सेटिंगना हात लावू नका. आधी मेलचा पूर्ण बॅकअप दुसऱ्या मशीनवर घ्या आणि नवी डिस्क मागवा.