रंगाखालचे इंजिन

श्रोतेहो, नमस्कार. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा मीटरगेज मार्ग 1888 साली पूर्ण झाला. दूधसागरचा घाट चढणाऱ्या इंजिनांचे कौतुक सगळेच करतात. आज बोलायचे आहे ते बंदरात, कारखान्यात मालाच्या वाघिणी ढकलणाऱ्या वाफेच्या छोट्या इंजिनांबद्दल. दिवसभर पन्नास पावले पुढे, पन्नास पावले मागे. घट्ट वळणांवर घासून त्यांच्या चाकांच्या कडा पातळ होतात. विस्तव कधी भडकवायचा, कधी दाबून ठेवायचा, त्यामुळे फायरबॉक्सचे, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीचे, पत्रे तापून-निवून दमतात.

अशा इंजिनाला रंग दिला की ते जपले, असे आपण मानतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हे मुळीच खरे नाही. स्मोकबॉक्सचे, म्हणजे पुढच्या टोकाच्या धुराच्या पेटीचे, दार उघडून तळाला हात घाला. कोळशाच्या राखेतले गंधक ओल लागताच आम्ल होते आणि तळाचा पत्रा आतून खाते. बाहेर चकचकीत काळा रंग, आत बोटाने दाबले की खपले पडतात. बॉयलरवरच्या लॅगिंगखालीही, म्हणजे उष्णता राखणाऱ्या आवरणाखालीही, पत्रा असाच गंजतो. जुन्या लॅगिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो कोरडा खरवडू नका, जाणकारांकडूनच काढून घ्या.

मग फायरबॉक्सचे स्टे, म्हणजे त्याचे पत्रे बाहेरच्या पत्र्यांशी धरून ठेवणारे दांडे. प्रत्येकावर हातोडी मारून ऐकायचे. शाबूत स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. ट्यूब, म्हणजे बॉयलरमधून गरम धूर नेणाऱ्या नळ्या, मात्र एकेक बदलत बसण्यापेक्षा पूर्ण संच बदललेला बरा. पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजायची. त्यानंतर थंड पाण्याने, कामाच्या दाबाच्या सव्वा ते दीडपट दाब द्यायचा. पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून काही फुटले तरी स्फोट होत नाही, नुसती धार लागते. वाफेने ही चाचणी कधीच करायची नाही. आणि बॉयलर निरीक्षकांच्या दाखल्याशिवाय विस्तव पेटवायचा नाही.

पाण्याचेही बघावे लागते. जांभ्यातले विहिरीचे पाणी मऊ, पण आम्लधर्मी. त्याने क्षाराचा थर कमी बसतो, पण पत्र्याला खड्डे पडतात. म्हणून सोडा मिसळून ते अल्कधर्मी ठेवायचे. किनाऱ्याजवळच्या मचूळ पाण्याने बॉयलर फेसाळतो आणि पाणी वाफेबरोबर सिलिंडरात जाते. पाणी दबत नसल्याने सिलिंडरचे झाकण फुटू शकते.

मृगाआधी शेवटचा विस्तव विझला की राख झाडून काढा, बॉयलर रिकामा करून पुरता कोरडा करा, आत ओल शोषणाऱ्या कळीच्या चुन्याचे ट्रे ठेवून झाकणे घट्ट लावा. महिन्याने उघडून पाहा. चुन्याची भुकटी झाली असेल, तर नवा भरा.