पेरतानाच बरणी धुऊन ठेवा

नमस्कार श्रोतेहो.

दसरा झाला, परतीचा पाऊसही बहुतेक ठिकाणी ओसरला. घरामागे थोडी मोकळी जमीन असो की गच्चीवर चार कुंड्या, या दिवसांत हात आपोआप मातीकडे वळतात. मेथी टाकायची असते, पालक टाकायचा असतो, वांगी-टोमॅटोची रोपं आणायची असतात. माझं आजचं सांगणं एवढंच, की बी मातीत टाकण्याआधी पुढच्या एप्रिलचा आणि त्याच्याही पुढच्या जुलैचा विचार करा.

परसबागेला आपल्या रोजच्या गरजेशी काही देणंघेणं नसतं. टोमॅटो डिसेंबरात दोन-चार हाताला लागतात आणि जानेवारीच्या अखेरीला टोपली भरून वाहते. शेजारी देऊन झालं, पाहुण्यांच्या पिशवीत घालून झालं, तरी उरतातच. आणि जुलैत, झड लागलेली असताना, बाजारातली भाजी एक तर महाग नाही तर चिखलानं बरबटलेली. म्हणून बाग लावणं आणि वाळवणं ही दोन वेगळी कामं नाहीत. जुन्या बायकांनी ती कधी वेगळी धरलीच नाहीत. मार्च ते मे कडक ऊन आणि त्याच्या पाठोपाठ चार महिने पाऊस, हे आपलं हवामान त्यांनी नेमकं ओळखलं होतं. मराठवाड्यात वांग्याच्या, कारल्याच्या उसऱ्या, म्हणजे वाळवलेल्या फोडी, झाल्या, हरभऱ्याचा पाला वाळवून डब्यात गेला. कोकणात हवा दमट, तिथं मिठाचा हात सढळ. आमसुलं वाळतात तीसुद्धा मीठ आणि कोकमाचाच रस पुन्हा पुन्हा लावून.

आता हिशेब उलटा मांडू. एप्रिलच्या उन्हात घालायला गवार हवी, तर ती जानेवारीच्या अखेरीला, थंडी जरा मोडल्यावर टोकायची. दीड-दोन महिन्यांत शेंगा सुरू होतात, म्हणजे नेमक्या उन्हाच्या तोंडाशी. मिरचीची रोपं मात्र आत्ताच लावा. जानेवारीत हिरवी मिरची खाल, फेब्रुवारी-मार्चपर्यंत उरलेली झाडावरच लाल होईल. मेथी सगळी एका दिवशी टाकू नका. दहा-बारा दिवसांच्या अंतरानं एकेक ओळ टाका. कोथिंबिरीचंही तसंच, फक्त धणे रगडून त्यांची दोन दलं करून घ्या.

काय लावू नये, हेही सांगून टाकते. जागा थोडी असेल तर कोबी, फ्लॉवर, बटाटा यांच्या नादी लागू नका. कोबीचं एक झाड दोन-तीन महिने जागा अडवतं आणि देतं एकच गड्डा. त्या जागेत मिरची, कढीपत्ता, गवती चहा, कोपऱ्यात एखादा शेवगा, असं रोज थोडं थोडं लागणारं लावा. मोरीचं पाणी जिथं जातं तिथं अळू आणि केळ, ही जुनी योजना आजही चालते. कपड्यांच्या साबणाचं पाणी तेवढं तिकडं सोडू नका. आणि तयार माती, तयार कुंडी, तयार बी अशी महागडी पेटी विकत घेण्याआधी जवळच्या गोठ्यातून कुजलेल्या शेणखताचं एक पोतं आणा. माझा भरवसा त्या पोत्यावर जास्त.

वेलींबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. दुधीला बोटाएवढी फळं लागतात, पिवळी पडतात आणि गळून जातात. लोक खत वाढवतात, पाणी वाढवतात. पुष्कळदा दुखणं वेगळंच असतं, फुलाचं परागीभवन झालेलं नसतं. या वेलींवर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागं इवलंसं फळ असतं, नर फूल नुसत्या देठावर उभं असतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, दोडक्याचंही संध्याकाळीच; लाल भोपळ्याचं पिवळं फूल भल्या सकाळी. शहरात, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, त्या वेळेला पतंग आणि मधमाश्या येतीलच असं नाही. मग ते काम आपण करायचं. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. फळ धरलं तर चार-पाच दिवसांत ते वाढताना दिसतं. दुपारी दुधीचं फूल मिटलेलं असतं, तेव्हा हा उद्योग करून उपयोग नाही.

किडीबद्दल थोडक्यात. मावा, तुडतुड्यांना 50 ग्रॅम निंबोळीचं चूर्ण एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, साबणाचे दोन थेंब घाला आणि संध्याकाळी फवारा. फळमाशीनं डंख मारलेली कारली, काकड्या खतात किंवा मातीत टाकू नका, आतली अळी मातीतच कोष करते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. वेली बऱ्याच असतील तर क्यू-ल्यूअरचा, म्हणजे फळमाशीच्या नरांना वासानं ओढून घेणारा सापळा टांगा.

आता वाळवण. पालेभाजीत 85 ते 90 टक्के पाणीच असतं. ते काढून घेतलं की बुरशीला आणि जंतूंना जगायला ओल उरत नाही, सगळं शास्त्र इतकंच. पण पाणी काढायची रीत प्रत्येकाची निराळी. मेथी, कढीपत्ता सावलीत, वाऱ्यावर वाळवायचे; उन्हात रंगही जातो आणि वासही. गवार मात्र आधी उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं घालून काढायची. त्यानं शेंगेतली एन्झाइमं थांबतात आणि वाळल्यावर गवताची चव येत नाही. मग ती मीठ-जिरं घातलेल्या आंबट ताकात रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी कापडावर पसरायची. वरणभाताबरोबर ही गवार तळून वाढा, पापडाला कोणी विचारत नाही.

सांडगी मिरचीला कमी तिखट, जाड सालीची मिरची घ्या. पोटाला चीर द्या आणि धणे, मेथी, हिंग, मीठ दह्यात कालवून भरा. कोहळ्याच्या सांडग्यात एक बारकावा आहे. किसलेल्या कोहळ्याला सुटलेलं पाणी फेकायचं नाही, भिजवलेली उडदाची डाळ त्यातच वाटायची. आणि मीठ अगदी शेवटी, सांडगे घालायच्या वेळी. आधी घातलं तर किसाला पुन्हा पाणी सुटतं, पीठ सैल होतं आणि सांडगे कापडावर पसरून बसतात.

वाळलं की नाही, ते डोळ्यांनी ठरवू नका. शेंग मोडून पाहा. कट्कन आवाज आला तर झालं, वाकली तर अजून ऊन द्या. उन्हातून काढलेलं गरम वाळवण लगेच बरणीत भरू नका, आत वाफ धरते. रात्री निवू द्या, मग भरा. पहिला आठवडा काचेची बरणी वापरा आणि रोज पाहा. काचेवर आतून दव दिसलं, तर पुन्हा कापडावर.

इथं एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगायची आहे. मटार, गवार, मक्याचे दाणे नुसते पाण्यात उकळून हवाबंद बाटलीत भरून कपाटात ठेवू नका. मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू 100 अंशाच्या उकळीलाही मरत नाहीत, त्यांना दाबाखालचं 121 अंश तापमान लागतं. हवा नाही, आंबटपणा नाही, अशा बाटलीत तो वाढतो आणि जे विष तयार करतो त्याला अनेकदा वासही नसतो, चवही नसते. आपलं लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणामुळं, नुसत्या तेलामुळं नव्हे. म्हणून कच्चा लसूण नुसत्या तेलात बुडवून दिवसेंदिवस ओट्यावर ठेवणंही धोक्याचं. टोमॅटोचा गर भरताना अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिलिलिटर लिंबाचा रस घाला, आणि तरीही तो फ्रीजरमध्येच ठेवा. मटारही उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढा, लगेच गार पाण्यात टाका, कोरडे करा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. फ्रीजरचा भरवसा विजेवर आणि विजेचा भरवसा कोणी द्यायचा, हा प्रश्न आहेच. म्हणून उन्हाचा हात मी सोडत नाही.

कोहळ्याचं वाळवण मार्च-एप्रिलमध्ये, पण जूनमध्ये लावलेल्या वेलाचे कोहळे आत्ताच तयार होत असतील. सालीवर पांढरी भुकटी नीट धरली की बोटभर देठ ठेवून कापा. देठ मोडला तर तिथूनच सड सुरू होते. एकावर एक रचू नका, माळ्यावर हवेशीर, सुटे ठेवा. सांडग्यांच्या दिवसांपर्यंत टिकतात.

उरलं बियाणं, तेही साठवणच. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री मिळाली, ती घरच्या घरी गावरान वाण जपल्याबद्दल. तेवढं मोठं काम आपल्याकडून होणार नाही, पण एक-दोन वाण सांभाळता येतात. दुधीचं सगळ्यात चांगलं फळ, पहिलंच असलं तरी, तोडण्याचा मोह आवरा. वेलावरच साल लाकडासारखी होऊ द्या, हलवलं की आत बिया वाजल्या पाहिजेत. टोमॅटोच्या बिया गरासकट दोन-तीन दिवस आंबवा, म्हणजे त्यांच्याभोवतीचा बुळबुळीतपणा सुटतो. मग धुऊन सावलीत वाळवा. संकरित वाणाचं बी मात्र धरू नका, पुढच्या पिढीत ते मूळ झाडासारखं येत नाही. पुडीवर वाणाचं नाव आणि वर्ष लिहा, डब्यात कोरडी राख घाला. टोमॅटो, वांगी, दुधी यांचं बी नीट ठेवलं तर दोन-तीन वर्षं उगवतं. कांद्याचं बी मात्र त्याच वर्षी वापरून टाका.

नमस्कार.