टायबेरिअसचा देनारियस

पडद्यावर दिसणारे हे चांदीचे नाणे जेमतेम पावणेचार ग्रॅम वजनाचे आहे. त्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेल्या रोमन सम्राटाचा चेहरा असून, कडेने कोरलेल्या त्रोटक लॅटिन अक्षरांचा अर्थ 'दिव्य ऑगस्टसचा पुत्र, टायबेरिअस सीझर ऑगस्टस' असा होतो. हा पुत्र म्हणजे दत्तकपुत्र. ऑगस्टसने वारस म्हणून निवडलेले लुशियस आणि गायस हे दोन्ही नातू ऐन तारुण्यात मरण पावले, तेव्हा कुठे इ.स. ४ मध्ये त्याने आपल्या या सावत्र मुलाला दत्तक घेतले. इ.स. १४ मध्ये सत्ता हाती आली, तेव्हा टायबेरिअस चोपन्न वर्षांचा होता आणि नाण्यावर मिरवलेले हे नाते हाच त्याच्या अधिकाराचा मोठा आधार होता.

मागील बाजूस राजदंड आणि डहाळी हाती घेतलेली एक स्त्री आसनस्थ आहे. ती शांतिदेवता असावी. अनेक अभ्यासकांना मात्र तिच्यात सम्राटाची आई लिव्हिया दिसते. सुरुवातीचा एक वेगळा छाप वगळला, तर टायबेरिअसच्या तेवीस वर्षांच्या कारकिर्दीत देनारियसचे हे रूप जवळपास बदललेच नाही. नवे काही करून दाखवण्याची त्याला हौस नव्हती, आणि पैसा सोडण्याची तर मुळीच नव्हती.

तो गादीवर येताच डॅन्यूब आणि ऱ्हाइन नद्यांकाठच्या सैन्याने बंड केले. सैनिकांना तेव्हा रोज दहा अ‍ॅस (तांब्याची छोटी नाणी) मिळत, आणि सोळा अ‍ॅसचा एक देनारियस होई. रोजचा एक पूर्ण देनारियस मिळावा, ही त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही.

इ.स. ३३ मध्ये या काटकसरीची खरी परीक्षा झाली. सावकारीवरचा जुना कायदा अचानक अमलात येऊ लागल्याने सावकारांनी एकदम कर्जवसुली सुरू केली, कर्जदारांनी जमिनी विकायला काढल्या, जमिनीचे भाव कोसळले आणि रोममध्ये रोकड मिळेनाशी झाली. त्यातच, इतिहासकार टॅसिटस सांगतो त्याप्रमाणे, शिक्षा झालेल्यांच्या जप्त मालमत्तेचा पैसा सरकारी तिजोरीत अडकून पडला होता. अखेर टायबेरिअसने दहा कोटी सेस्टर्स, म्हणजे अडीच कोटी देनारियस, तीन वर्षांसाठी बिनव्याजी कर्जाऊ उपलब्ध करून दिले; तारण मात्र कर्जाच्या दुप्पट किमतीच्या जमिनीचे. संकटातही हिशेब न चुकवणारा हा माणूस होता. ऑगस्टसची मुद्रा असलेले नाणे शौचालयात नेणेही त्याच्या काळात जिवावर बेतू शकत असे, असे सुएटोनियस लिहितो. पण जवळजवळ शतकभराने लिहिणाऱ्या या चरित्रकाराला चटकदार गोष्टींचे वेड होते, हे लक्षात ठेवलेले बरे.

इ.स. २२ मध्ये टायबेरिअसने सिनेटला पाठवलेल्या पत्रात, स्त्रियांच्या रत्नांपायी रोमचा पैसा परक्या आणि शत्रू लोकांकडे जातो, अशी तक्रार केली होती. पुढे रोमन लेखक प्लिनीने एकट्या भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात, असा आकडा मांडला. त्याच शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथानुसार, पैठण आणि तेर येथून गाड्यांवर माल येई त्या भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनात बदलून नफा होत असे. मात्र चांदीच्या नाण्यांचे मोठे साठे सापडले ते प्रामुख्याने दक्षिण भारतात, विशेषतः कोइम्बतूरच्या परिसरात, आणि त्यांत ऑगस्टसच्या नाण्यांबरोबर टायबेरिअसच्या याच छापाचा मोठा भरणा आहे. इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरोने देनारियसचे वजन आणि त्यातील चांदीचे प्रमाण घटवले. चांदीची पारख असलेल्या इथल्या व्यापाऱ्यांनी त्या हलक्या नाण्यांपेक्षा ऑगस्टस आणि टायबेरिअसच्या कसदार जुन्या नाण्यांनाच पसंती दिली असावी, असे या साठ्यांवरून दिसते.