पदवीनंतर काय? एम.ए., एम.एस्सी. की प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम

श्रोतेहो, नमस्कार.

पदवी परीक्षेचे निकाल लागले की आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत, मग ते दांडिया बाजारातले जुने घर असो की वाघोडिया रस्त्यावरचा नवा फ्लॅट, एकच विषय काही दिवस चर्चेला असतो. मुलीचे बी.ए. किंवा बी.एस्सी. झाले, आता आणखी दोन वर्षे एम.ए., एम.एस्सी. करायचे, की सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा एखादा कोर्स करून नोकरीला लागायचे? वडीलधाऱ्यांचा कौल बहुधा मोठ्या पदवीकडे असतो आणि प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम म्हणजे ज्याला पुढे शिकणे जमले नाही त्याने केलेली तडजोड, अशी समजूत त्यांच्या बोलण्यातून डोकावत असते. ही समजूत मला मान्य नाही. पदव्युत्तर पदवी आणि प्रमाणपत्र यांची कामे वेगळी आहेत, आणि त्यांतले काय, केव्हा घ्यायचे हे ज्याने त्याने आपल्याला पुढे कुठे जायचे आहे ते पाहून ठरवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बडोदेकरांनी तर हातात कसब देणाऱ्या छोट्या अभ्यासक्रमांना मुळीच कमी लेखू नये. बडोदा कॉलेज 1881 साली सुरू झाले, पण तिथे शिकणाऱ्याला पदवी मिळायची ती मुंबई विद्यापीठाची, आणि आपले स्वतःचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहायला 1949 साल उजाडावे लागले. त्या मधल्या काळात सयाजीराव महाराज पदवीची वाट पाहत थांबले नाहीत. 1886 मध्ये मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली. 1890 मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन निघाले आणि कापड रंगवणे, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तिथे शिकवले जाऊ लागले. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतले आणि 1911 मध्ये ग्रंथपालनाचा वर्ग सुरू केला, जो भारतातला अशा प्रकारचा पहिला वर्ग मानला जातो. आज सुरसागरासमोर असलेली परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी हे त्या गायनशाळेचे वाढलेले रूप आहे आणि टेक्नॉलॉजी फॅकल्टीचे मूळ कलाभवनात आहे. कसब आधी आले आणि आपल्या विद्यापीठाची पदवी मागाहून आली, हा आपल्या गावाचा इतिहास आहे.

हे सांगितल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यातील कलम 22 प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. प्रमाणपत्राला असे संरक्षण नाही. रावपुऱ्यातल्या एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन कोणीही वर्ग काढू शकतो आणि सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र छापून देऊ शकतो. त्यात बेकायदेशीर असे काही नाही आणि शिकवणारा चांगला असेल तर विद्यार्थ्याचा फायदाही होतो. पण ज्या जागेसाठी नियमाने पदवी लागते, तिथे त्या कागदाचा उपयोग शून्य असतो. माध्यमिक शाळेत कायम शिक्षक व्हायचे तर बी.एड.ला पर्याय नाही. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे तर पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गात किमान 55 टक्के गुण आणि त्यापुढे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, ही रूढ वाट आहे. या वाटांवर जायचे ज्याने ठरवले आहे त्याने प्रमाणपत्रांच्या मागे लागून वर्षे घालवू नयेत.

ग्रंथालयाचेच उदाहरण घेऊ. एखाद्या मुलीला पुस्तकांची आवड आहे आणि घराजवळच्या वाचनालयात तिला मदतनीस म्हणून काम मिळू शकते. वर्गीकरण, तालिका तयार करणे, देवघेवीची नोंद ठेवणे, संगणकावरची ग्रंथालय प्रणाली चालवणे एवढे तिला सहा महिन्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात शिकता येईल आणि ती कामाला लागेल. तिचे समाधान तेवढ्यात होणार असेल तर पुढचा खर्च कशासाठी? पण तिला उद्या महाविद्यालयाची ग्रंथपाल व्हायचे असेल तर पदवीनंतर बी.लिब., त्यानंतर एम.लिब. आणि मग नेट किंवा सेट, हा रूढ क्रम आहे. प्रमाणपत्राच्या वर्गात बसण्यापूर्वी तिने हे माहीत करून घेतले पाहिजे.

आता याच्या उलट उदाहरण. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला मुलगा नंदेसरीच्या किंवा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला जातो. पदवी आहे, गुण आहेत. समोरचा माणूस मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनबद्दल विचारतो, ‘एचपीएलसी मशीन स्वतः चालवले आहे का?’ नमुना गाळून कसा घ्यायचा, द्रावकात अडकलेली हवा कशी काढायची, कॉलम केव्हा बदलायचा, पडद्यावरच्या आलेखातले टोक पसरट येऊ लागले तर चूक कुठे शोधायची, हे त्याला विचारले जाते. एका वर्गात पुष्कळ विद्यार्थी आणि मशीन एकच असेल, तर दोन वर्षांत त्याच्या वाट्याला त्या मशीनवर फार थोडे तास येतात. त्याची रसायनशास्त्राची समज पक्की असते, पण हात बसलेला नसतो. उपकरणे हाताळण्याचा तीन-चार महिन्यांचा चांगला प्रमाणपत्र अभ्यासक्रम त्याची ही उणीव भरून काढतो. परदेशी भाषांचेही असेच आहे. ज्याच्या कंपनीचा व्यवहार जर्मनीशी आहे त्या अभियंत्याला जर्मनचे प्रमाणपत्र आणि त्यावरची पदविका जितकी उपयोगी पडेल, तितकी दुसरी मोठी पदवी पडेलच असे नाही.

मग प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम चांगला की केवळ नावापुरता, हे कसे ओळखायचे? क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांचे माप, किती, हे आधी विचारा. सर्वसाधारण नियम असा आहे की एका सत्रात पंधरा तास व्याख्यान म्हणजे एक क्रेडिट आणि प्रयोगशाळेतले किंवा प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक क्रेडिट. बारा क्रेडिट सांगितली आणि ती सगळी व्याख्यानांचीच असली तर एकशे ऐंशी तास झाले पाहिजेत. वेळापत्रक मागा आणि तास मोजा. परीक्षा कोण घेते, प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नाव आणि शिक्का असतो की एखाद्या खाजगी सहयोगी संस्थेचा, हेही विचारा. ज्या प्रमाणपत्राला परीक्षाच नाही, ते हजेरीच्या दाखल्यापलीकडे जात नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने काही गोष्टी सोप्या केल्या आहेत आणि त्या फारशा कोणी घरोघरी सांगत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चार वर्षांची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला एका वर्षात पदव्युत्तर पदवी पूर्ण करण्याची सोय झाली आहे. तीन वर्षांची पदवी असेल तर पूर्वीप्रमाणे दोन वर्षे. 2022 पासून दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करता येतात, दोन्ही वर्गात बसून करायचे असतील तर त्यांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत एवढीच अट, पीएच.डी.ला मात्र ही सवलत नाही. म्हणजे सकाळी एम.ए. आणि संध्याकाळी एखादे प्रमाणपत्र हा मार्ग आता नियमात बसतो, आणि पुष्कळ मुलांसाठी मला तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. शिवाय 2021 पासून क्रेडिट बँकेची योजना आहे. मिळवलेली क्रेडिट तिथे जमा राहतात आणि साधारण सात वर्षांपर्यंत पुढच्या अभ्यासक्रमात वापरता येतात. संसारामुळे किंवा नोकरीमुळे ज्या बहिणींचे शिक्षण मध्येच थांबते त्यांच्यासाठी ही फार मोलाची सोय आहे, फक्त आपले खाते उघडून क्रेडिट खरोखर जमा झाली आहेत ना, हे वेळच्या वेळी पाहिले पाहिजे.

आपल्या विद्यापीठात असे काही विषय आहेत की ज्यांच्यासाठी दूरदूरच्या गावांहून विद्यार्थी बडोद्याला येतात. 1950 मध्ये सुरू झालेल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीचे नाव सर्वदूर आहे, आणि 1952 पासूनचा म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा विभागही इथेच आहे. इतिहास किंवा संस्कृत घेऊन पदवी मिळवलेल्या आपल्या मुलांनी या विभागाकडे वळून पाहावे असे मला मनापासून वाटते, कारण जुनी नाणी, हस्तलिखिते, चित्रे सांभाळणारी शिकलेली माणसे संग्रहालयांना हवी असतात. आर्ट्स फॅकल्टीत मराठीचा विभागही आहे. महाराष्ट्राबाहेर, सयाजीरावांच्या गावात, मराठीत एम.ए. करता येते ही बाब आपल्याच घरांत विसरली जात असेल तर मला त्याचे दुःख होते.

शुल्काबद्दल एक सूचना. एकाच अभ्यासक्रमाच्या काही जागा अनुदानित आणि काही हायर पेमेंटच्या असू शकतात; पदवी सारखीच, शुल्कात मात्र मोठी तफावत. अर्ज भरताना कोणत्या जागेसाठी भरतो आहोत हे तपासा. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांचे प्रवेश आता जीकॅस या सरकारी पोर्टलवरून होतात, त्यामुळे प्रवेश मिळवून देतो असे सांगणाऱ्या मध्यस्थाला एक पैसाही देण्याचे कारण नाही. पोर्टलवर नाव नोंदवण्यापूर्वी एक दुपार काढून त्या विभागाच्या कार्यालयात जा, मागच्या वर्षीचा अभ्यासक्रम आणि वेळापत्रक मागून घ्या, आणि दुसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारा की प्रात्यक्षिके प्रत्यक्षात किती होतात.

नमस्कार.