चपडीचा हात

(बरणी, अगदी जवळून)

बरणीत मधासारखं दिसतंय ना, ते काल संध्याकाळपर्यंत कोरडे, कडकड मोडणारे पापुद्रे होते. चपडी. लाखेचे किडे कोवळ्या फांद्यांवर स्वतःभोवती जे कवच करतात, ते खरवडून, वितळवून, गाळून केलेली. झाडं पळस, बोर, कुसुम. मुख्य माल झारखंड-छत्तीसगडचा. आपल्या गोंदिया-गडचिरोलीतही पळसावर लाख धरतात. ग्रामोफोनच्या जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यासुद्धा हिच्याच असायच्या.

लाकडाला पॉलिश करणारे काका रात्री चपडी स्पिरिटमध्ये भिजत घालतात आणि सकाळी मलमलीतून गाळतात. पत्र्याचा डबा चालत नाही, लोखंडाने रंग काळवंडतो. साठवूनही ठेवायचं नाही. शिळं पॉलिश वाळता वाळत नाही, बोटाला चिकचिक लागतं.

(खुर्ची)

शिसवी खुर्ची, गिऱ्हाइकाच्या आजोबांची. दोन दिवस नुसता पॉलिश पेपर चाललाय, लाकडाच्या रेषेबरोबर. आडवा गेलेला ओरखडा आत्ता कुणाला दिसणार नाही, पण पॉलिश चढलं की सगळ्यात आधी तोच डोळ्यात भरतो.

(हात)

कापसाचा गोळा, त्यावर धुऊन धुऊन मऊ पडलेलं मलमलीचं फडकं. पॉलिश आतल्या कापसात. तळाला जवसाच्या तेलाचा एक थेंब, नाहीतर गोळा चिकटतो आणि आधीचा हात, म्हणजे पॉलिशचा थर, ओरबाडून काढतो. आता मनगट बघा. आधी गोल, मग इंग्रजी आठ, मग लांब सरळ. गोळा चालता चालताच लाकडावर उतरतो आणि चालता चालताच उचलला जातो. मध्ये थांबला, तर तिथे फडक्याची वीण उमटलीच.

इथे थोडा वेळ आम्ही गप्प बसतो. फडक्याचा आवाज ऐका.

(वाळलेली फळी, तिरका उजेड)

असे किती हात? काका मोजत नाहीत. प्रत्येक थर कागदाहून पातळ. नव्या हातातलं स्पिरिट खालच्या थराला जरासं विरघळवतं, दोन्ही एकजीव होतात. म्हणूनच पन्नास वर्षांनीसुद्धा हे पॉलिश दुरुस्त होतं. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, हे मान्य. पण गोळा फिरवला की बहुतेकदा ते जातंही. स्प्रेने मारलेल्या पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनच्या पॉलिशचं, तसं नाही. ते चहाच्या कपाला दाद देत नाही, पण एकदा सोलायला लागलं की सगळं खरवडा.

पावसाळ्यात आम्ही आलो तेव्हा शटर खाली होतं. दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक धरते, म्हणून तेव्हा काम बंद.

दोन्ही मुलं दुसऱ्या धंद्यात आहेत. स्पिरिटच्या वाफेने काकांचे डोळे चुरचुरतात.

(दुकानाचं दार, दुपारचं ऊन)

खुर्ची उद्या न्यायला येणार आहेत. काका ती उन्हात तिरकी धरतात. खुर्चीच्या डाव्या हातावर बोटभर पट्टा अजून मंद आहे.

बरणीचं झाकण पुन्हा उघडतं.